डिसेंबरचा ट्रेक आधी रद्द करा

वाचकाचं पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) : पत्रलेखक ३२ वर्षांचे, अविवाहित. एका तालुक्याच्या गावी भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक, म्हणजे जमिनीची मोजणी करणारे, आहेत. लहानपणापासून भिडस्त. चार माणसांत आवाज फुटत नाही, नजर खाली जाते. पाहण्याच्या दोन कार्यक्रमांनंतर ‘मुलगा फारच शांत आहे’ असा निरोप आला. तिसऱ्या ठिकाणी मुलीची मावशी ‘अगदीच मिळमिळीत आहे’ म्हणाली, ते त्यांनी जिन्यात ऐकलं. त्यानंतर त्यांनी एका डेटिंग ॲपवर दुसऱ्या नावाने प्रोफाइल काढलं. नोकरी सोडून डोंगरात रमलेला गिर्यारोहक, उत्तरकाशीच्या संस्थेत प्रशिक्षण घेतलेला, लिंगाण्याच्या अवघड सुळक्यावर लोकांना नेणारा, दरीत अडकलेल्यांना बाहेर काढणारा, अशी ती ओळख. हेल्मेट-गॉगलमधले फोटो कॉलेजच्या एका मित्राचे. नाशिकच्या एका रुग्णालयात परिचारिका असलेल्या तरुणीशी ओळख झाली. आठ महिने रोज बोलणं होतं, चार वेळा भेटीही झाल्या. आता ती आणि तिच्या दोन मैत्रिणी डिसेंबरमध्ये यांच्यासोबत अलंग-मदन-कुलंग या तीन किल्ल्यांचा ट्रेक करायचा म्हणतात. घरीही तिने सांगून टाकलं आहे. पत्रलेखक विचारतात : ‘तोवर एखादा कोर्स करून खोटं खरं करून टाकू का? की अपघाताचं निमित्त सांगून गायब होऊ, म्हणजे निदान तिच्या मनात चांगली आठवण राहील? तिला तो आवडतो, मी नाही. खरं सांगितलं तर सगळंच संपेल.’

नमस्कार.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. उत्तर देण्याआधी एक गोष्ट आज, हे वाचून झाल्या झाल्या करा. बाकीचं धैर्य यायला आठवडा लागला तरी चालेल, ही गोष्ट मात्र थांबू शकत नाही. डिसेंबरचा ट्रेक रद्द करा.

अलंग आणि मदन हे किल्ले चालत चढण्याचे नाहीत. जुन्या पायऱ्या इंग्रजांनी उद्ध्वस्त केल्या. आज तिथे उभे कातळटप्पे आहेत आणि दोराशिवाय तिथे जाता येत नाही. दोर खडकात कुठे आणि कसा अडकवायचा, खालून बिले कोण देणार (म्हणजे चढणाऱ्याचा दोर कोण सांभाळणार), कमरेच्या हार्नेसचं बक्कल कुणी तपासायचं, रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, एखादी मुलगी मध्येच घाबरून थांबली तर काय करायचं, हे सगळं ‘मी नेतो’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर असतं. तुम्ही हे व्हिडिओ पाहून शिकला आहात. ज्या तिघी येणार आहेत, त्यांचं वजन त्या दोरावर येणार आहे.

आणि ‘रजा मिळाली नाही’ असं सांगून रद्द करू नका. तसं केलंत तर जानेवारीची तारीख निघेल, किंवा तुम्ही आठ महिन्यांत फोनवर जे ‘शिकवलंत’ त्याच्या जोरावर त्या दुसऱ्या कुणाबरोबर जातील. स्पष्ट लिहा : ‘मला तुम्हाला अलंग-मदनवर नेता येणार नाही. त्यासाठी लागणारं प्रशिक्षण माझ्याकडे नाही. मी ते असल्याचं खोटं सांगितलं होतं. बाकीचं मला प्रत्यक्ष भेटून सांगायचं आहे.’ या चार वाक्यांनी निम्मं काम होईल. ती लगेच फोन करेल. घ्या तो फोन.

आता कोर्सबद्दल. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ची, दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था १९५४ची. तिथला प्राथमिक अभ्यासक्रमच साधारण चार आठवड्यांचा असतो, आणि त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तर पुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेश. तेवढं करूनही माणूस दुसऱ्यांची जबाबदारी घ्यायला तयार झालेला नसतो. त्यासाठी पुढे अनुभवी लोकांच्या हाताखाली कित्येक हंगाम काढावे लागतात. समजा, तुम्ही हे सगळं केलंत. तरी ज्या दरीतून तुम्ही कुणाला बाहेर काढलं नाही, तिथून काढल्याची गोष्ट तिने ऐकलेलीच राहील. कोर्स पुढच्या आयुष्याला उपयोगी पडेल, मागच्या आठ महिन्यांना नाही.

अपघाताचं निमित्त तर मनातूनही काढून टाका. ती परिचारिका आहे. कुठलं रुग्णालय, कुठलं हाड, कोण डॉक्टर, हे ती पहिल्या मिनिटाला विचारेल आणि दुसऱ्या मिनिटाला निघायची तयारी करेल. आणि समजा तिने विश्वास ठेवला, तर जो माणूस अस्तित्वातच नव्हता त्याच्यासाठी ती रडेल. तुम्ही याला ‘चांगली आठवण’ म्हणता. चांगली आठवण कुणासाठी? तिच्यासाठी तर नक्कीच नाही.

तुमच्या पत्राचा सगळा भार ‘तिला तो आवडतो, मी नाही’ या एका वाक्यावर आहे. त्याच्याकडे जरा नीट पाहू या, कारण माझ्या मते ते अर्धंच खरं आहे.

पत्रात एका ठिकाणी तुम्ही घाईघाईने एक प्रसंग लिहून पुढे गेला आहात. निफाडकडे तिच्या वडिलांचा चुलत्यांशी बांधावरून वाद चालला होता. बांध कोरून कोरून दोन गुंठे आत आलेत, असं तिचे वडील म्हणत होते. त्या रात्री तुम्ही तिला तासभर समजावलंत. हद्द कायम मोजणीचा अर्ज कसा करायचा, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते म्हणजे काय, सातबारावरचं क्षेत्र आणि जागेवरचा ताबा यांत फरक कसा पडतो, जुनं टिपण आणि फाळणी हे मोजणीचे जुने कागद का मागून घ्यायचे, मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, कशी मागता येते. मोजणीच्या दिवशी वडिलांनी आवाज चढवू नये, खुणा दाखवताना शांतपणे उभं राहावं आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात येईपर्यंत कुदळ लावू नये, हेही सांगितलंत. तिच्या वडिलांनी तसंच केलं आणि भांडण पोलीस ठाण्यात जाता जाता राहिलं. तिने विचारलं, तुला हे कसं माहीत? तुम्ही म्हणालात, माझा एक मित्र भूमी अभिलेखमध्ये आहे. त्यावर ती म्हणाली, ‘तुझा तो मित्र भारी आहे.’

तो मित्र तुम्ही आहात. तिने मनापासून केलेलं हे कौतुक तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत आणि लिंगाण्याच्या खोट्या गोष्टीवर मात्र दोन पानं लिहिलीत.

मला तुमच्या कामाबद्दल थोडं बोलायचं आहे, कारण तुम्ही ते ‘टेबलावरची नीरस नोकरी’ म्हणून निकालात काढलं आहे. दोन सख्खे भाऊ बांधाच्या दोन बाजूंना उभे, त्यांच्या मागे बायका-मुलं, एकाच्या हातात फावडं. दोघेही म्हणतात, साहेब, कागद बघा, जमीन आमची. मधे तुम्ही, मशीन आणि जुना नकाशा. कधी पोलीस बंदोबस्तात मोजणी करावी लागते. अशा ठिकाणी आवाज न चढवता, कुणाच्या चहाला न भुलता, जिथे येते तिथेच खूण दाखवायची. हे तुम्ही किती वर्षं करत आहात? तुम्ही लिहिलं आहे की तुमच्या साहेबांना तापलेल्या गावात तुम्हालाच पाठवायचं असतं, कारण तुम्ही ‘काही बोलत नाही’. साहेबांना तुमच्या शांतपणाची किंमत कळली आहे. जिन्यातल्या मावशींना ती वीस मिनिटांत कळणं शक्यच नव्हतं. आपल्याकडचे पाहण्याचे कार्यक्रम चटकन बोलणाऱ्या माणसांच्या सोयीचे असतात. त्यात तोलामोलाची माणसं फिकी दिसतात, मुलगेही आणि मुलीही.

यावरून ‘ती तुम्हाला माफ करेल’ असा अर्थ मात्र काढू नका. तसं मी म्हणत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की भिडस्त असणं आणि कंटाळवाणं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही गेली कित्येक वर्षं त्या एकच धरून चालला आहात. भीड ही बोलण्यातली अडचण आहे. सांगण्यासारखं काही नसणं ही वेगळीच गोष्ट, आणि ती अडचण तुम्हाला नाही. तुमच्याकडे गावोगावच्या माणसांच्या एवढ्या गोष्टी आहेत की आठ महिने पुरल्या असत्या.

मुखवट्याने आणखी एक नुकसान केलं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला प्रचंड घाबरत. १९३३ साली, एकोणीस वर्षांचे असताना, त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी स्वतःहून बोलायचं ठरवलं. महिनाभरात ते शंभर जणींशी बोलले. त्यातल्या एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. पण शंभर नकारांनंतर त्यांना कळलं की नकाराने माणूस मरत नाही. त्यांची भीती गेली. पुढे त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत उभी केली, आणि कि. मो. फडके यांनी ती आयुष्यभर मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. (अनोळखी बाईच्या शेजारी जाऊन बसा, असा सल्ला मी कुणालाही देत नाही. आज तो त्या बाईवर अन्याय ठरेल.) सांगायचं ते वेगळंच आहे. एलिस स्वतःच्या नावाने गेले होते, म्हणून आलेला प्रत्येक नकार त्यांना काहीतरी शिकवून गेला. तुम्ही दुसऱ्याच्या नावाने गेलात. त्यामुळे ती हसली ते त्याला बघून, तिने वाट पाहिली ती त्याची, काळजी केली ती त्याची. आठ महिन्यांत तुम्हाला भरभरून मिळालं आणि त्यातलं काहीच तुमच्या भीतीपर्यंत पोहोचलं नाही. म्हणूनच आज तुम्ही पहिल्यापेक्षा जास्त घाबरलेले आहात. ते धाडसी नाव घेणं हीच तुमच्या भीतीची सगळ्यात मोठी उडी होती.

आता तिच्या बाजूने पाहू. पत्रात ‘मी’ खूप आहे, ‘ती’ कमी आहे. तुम्ही लिहिता की तुम्ही कुणाचं नुकसान केलं नाही, पैसे घेतले नाहीत. मान्य. पण तिने रजा टाकली, मैत्रिणींना शब्द दिला, आईवडिलांपुढे एक नाव घेतलं, कदाचित आलेली स्थळं परत पाठवली. हे सगळे निर्णय तिने चुकीच्या माहितीवर घेतले आणि ती माहिती तुम्ही पुरवली. शिवाय तिला कसा माणूस आवडेल हे तुम्ही तिला न विचारता परस्पर ठरवून टाकलंत. कड्यावर लटकणाराच तिला आवडणार, साधा माणूस नाही, असं धरून चालणं हे तिलाही कमी लेखणंच आहे.

सांगायचं कसं, ते आता.

भेटून सांगा, दिवसा, नाशिकमध्येच, तिला उठून सहज घरी जाता येईल अशा ठिकाणी. मैत्रिणीला सोबत आणायचं असेल तर आण, असं आधीच म्हणा. गाडीत, लॉजवर, गडाच्या पायथ्याशी, एकांतात सांगू नका. ज्या माणसाचं नाव खोटं निघालं त्याच्यासोबत एकटं अडकल्यासारखं तिला वाटता कामा नये.

सुरुवात बालपणापासून करू नका. जिन्यातली मावशी, कमी पडलेला आत्मविश्वास, हे तिने विचारलं तर नंतर. आधी खरं नाव, खरं गाव, खरी नोकरी. मग प्रशिक्षण खोटं, दरीतली गोष्ट खोटी, कुठले फोटो कुणाचे. सगळं एकाच बैठकीत. हप्त्याहप्त्याने खरं सांगणारा माणूस प्रत्येक हप्त्याला नव्याने फसवतो. आदल्या रात्री कागदावर सगळी खोटी विधानं लिहून काढा आणि काही राहिलं नाही ना ते तपासा. हवं तर कार्यालयाचं ओळखपत्र समोर ठेवा. तिला चौकशी करायची असेल तर करू द्या, आणि त्याचा राग मानू नका.

त्यानंतर गप्प बसा. हे तुम्हाला जमतं, आणि इथे ते कामी येईल. रडून, ‘तुझ्याशिवाय मी जगू शकणार नाही’ असं म्हणून तिच्यावर ओझं टाकू नका. माफीचं उत्तर तिथल्या तिथे मागू नका. ती चिडेल, उठून जाईल, आठवडाभराने शंभर प्रश्न विचारेल किंवा कधीच काही विचारणार नाही. तिने ‘संपर्क करू नकोस’ म्हटलं तर करू नका. मित्राच्या फोनवरूनही नाही, दिवाळीच्या शुभेच्छाही नाहीत. आणि ती पुन्हा बोलली तर ते पहिल्या दिवसापासून असेल. आठ महिन्यांची जवळीक तुमच्या नावावर जमा आहे असं समजू नका.

गोष्ट लग्नापर्यंत गेली असती तर काय झालं असतं, हेही माहीत असू द्या, कारण अशी पत्रं लग्न ठरलेल्यांचीही येतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२नुसार जोडीदाराबद्दलच्या महत्त्वाच्या बाबीत फसवणूक करून संमती मिळवली असेल, तर ते लग्न रद्द करून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९मध्ये फसवणुकीने शरीरसंबंध ठेवण्याबद्दल दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि ओळख लपवून लग्न करणं हे त्यातल्या फसवणुकीच्या व्याख्येत येतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६डी ऑनलाइन तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीबद्दल आहे. तुमच्या बाबतीत यांतलं काय लागू होतं ते वकीलच सांगू शकेल. हे मी भीती घालायला लिहीत नाही. भीती वाटली म्हणून खरं सांगायचं टाळाल, तर दिवसागणिक प्रकरण अधिक गंभीर होत जाईल.

बाकीच्या वाचकांसाठी दोन शब्द. थोडं सजवून सांगणं सगळेच करतात. बायोडेटात चांगलाच फोटो लावतो, दोनदा सिंहगड चढलेला माणूस छंदात ‘ट्रेकिंग’ लिहितो. मग रेघ कुठे ओढायची? मी स्वतःसाठी एक कसोटी धरते : हे कळलं असतं तर समोरच्याचा निर्णय बदलला असता का? नाव, वय, नोकरी, पगार, आधीचं लग्न, आजार, कर्ज यांबाबत बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं. तिथे सजावट चालत नाही. आणि ज्या मुली किंवा मुलं ऑनलाइन ओळखीतून पुढे जात आहेत, त्यांनी आडनाव, कामाचं ठिकाण, एखादा सामायिक ओळखीचा माणूस या गोष्टी न संकोचता विचाराव्यात. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही. समोरचा माणूस आपल्या मित्रांना कधीच भेटवत नसेल, व्हिडिओ कॉल सतत टाळत असेल, तर तेवढं कारण थांबायला पुरेसं आहे.

तुमच्या भिडेवर उपाय आहे, आणि तो या मुलीच्या निर्णयावर अवलंबून नाही. चार माणसांत बोलताना छातीत धडधडतं, घाम येतो, कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीपासून झोप लागत नाही असं तुम्ही लिहिलं आहे. याला नुसता ‘स्वभाव’ म्हणून सोडून देऊ नका. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जिल्हा रुग्णालयात सोय असते. सुरुवात फोनवरून करायची तर सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. खरं सांगितल्यानंतरचे काही दिवस जड जातील. त्या दिवसांत जीव नकोसा वाटला तर रात्र जाऊ देऊ नका, तेव्हाच त्या क्रमांकावर बोला.

डोंगराचं वेड तुम्हाला खरोखरच लागलं आहे, असं पत्रावरून दिसतं. आठ महिने खोट्यासाठी का होईना, तुम्ही गाठी, कडे, वाटा यांबद्दल खूप वाचलं आहे. मग जा. पण एखाद्या चांगल्या गिर्यारोहण संस्थेबरोबर, शेवटच्या रांगेत, सोप्या वाटेच्या गडापासून. तिला दाखवायला म्हणून नाही, आणि निदान पहिलं वर्ष एकही फोटो कुठे टाकू नका.

एक माणूस राहिलाच. ज्याचे फोटो तुम्ही वापरलेत तो कॉलेजचा मित्र. त्याला यातलं काहीच माहीत नाही, आणि उद्या ती मुलगी किंवा तिचा भाऊ फोटो शोधत त्याच्या दारात उभा राहू शकतो. तिला भेटण्याच्या आधी त्याला फोन करा, काय केलंत ते सांगा, ते प्रोफाइल त्याच्या फोटोंसकट काढून टाका. मुलीला सांगायच्या आधी एकदा कुणासमोर तरी हे सगळं मोठ्याने बोलून झालेलं बरं. तो शिव्या देईल. ऐकून घ्या.